काका, तुमच्या ‘थांब’साठी

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

नाव कुठंही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. पण पत्र मात्र उघडच लिहिणार. जुन्या इलेक्ट्रिक गिटारी आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायर यांच्या नादाला लागलेली पुण्यातली मुलं हल्ली मला विचारतात, ‘ताई, हे ओळखायला तू कुठं शिकलीस?’ दर वेळी मला शनिवार पेठेतली तुमची खोली आठवते. खिडकीपाशी टेबल, त्यावर मिठाईच्या डब्यांत निवडून ठेवलेले रेझिस्टर आणि मागून काकूंचा आवाज, ‘आधी चहा घ्या, मग उघडा ते खोकं.’

चार वर्षांपूर्वी तपकीर गल्लीत मी दुकानामागून दुकान पालथं घालत होते. ईसीसी ८३ व्हॉल्व्ह हवा होता. बहुतेकांनी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. एका वयस्कर दुकानदारानं तुमचा पत्ता दिला. तुम्ही व्हॉल्व्हबद्दल काही बोलायच्या आधी विचारलंत, ‘अ‍ॅम्प कितीचा आहे? व्होल्ट किती?’ मी म्हणाले, ‘पिन बदलून घेतलीय, आज संध्याकाळी लावून बघणार आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘थांब.’ मग पायांत चपला सरकवल्यात आणि माझ्याबरोबर रिक्षात बसलात. कोथरूडपर्यंत. ओळख दहा मिनिटांची.

तो अ‍ॅम्प कॅम्पातल्या एका कुटुंबाकडून आणला होता. त्यांचे आजोबा हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ११७ व्होल्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. अमेरिकेत विकायला केलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावलं असतं तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. आणि तो चालू होत नाही म्हणून मी आत हात घातला असता, तर काय झालं असतं ते तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं नाहीत. नंतर, मी जरा सरावल्यावर सांगितलंत. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये फिल्टर कपॅसिटरवर तीनशे-चारशे व्होल्ट साठलेले असतात आणि पिन काढली तरी ते लगेच जात नाहीत. रेझिस्टर लावून आधी ते उतरवायचे, मीटरनं शून्य बघायचं, हातातली अंगठी आणि घड्याळ काढायचं, एक हात मागे ठेवायचा. आजही अ‍ॅम्प उघडताना माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो.

अ‍ॅम्प सुरू करायचा तो दिवस मला मिनिट-मिनिट आठवतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणलेला. सुकलेले कपॅसिटर तुम्ही बदललेले आणि जुने एका पिशवीत घालून, पिशवीवर तारीख लिहून मला दिलेले. पूर्वीची वायर दोन पिनांची होती, ती काढून तुम्ही अर्थिंगची तीन पिनांची लावलीत. ‘पण मग ते ओरिजिनल राहत नाही,’ असं मी कुरकुरले. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘गिटारच्या तारा लोखंडाच्या आहेत ना? त्या तुझ्या बोटांखाली असणार.’ मग सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडलात. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, मंद होत गेला तर गाडी रुळावर आहे. स्विच दाबल्यावर बल्ब एकदम उजळला. माझा श्वास अडकला. मग तो हळूहळू तांबूस होत गेला आणि मागच्या जाळीतून व्हॉल्व्हमधल्या नारिंगी रेघा दिसायला लागल्या. गरम धुळीचा वास आला. तुम्ही डोळे मिटून स्पीकरला कान लावलात आणि म्हणालात, ‘गुणगुण नाही. स्वच्छ आहे.’

गिटारींबद्दल मला काही कळत नाही असं तुम्ही नेहमी म्हणता. ते मी मान्य करत नाही. इलेक्ट्रिक गिटारचं पोट उघडलं की आत रेडिओचंच सामान असतं, आणि ते तुमच्याइतकं वाचता येणारा माणूस मला पुण्यात दुसरा भेटलेला नाही.

ती ‘१९६३ची’ स्ट्रॅटोकास्टर गिटार आठवते, फेंडर या अमेरिकन कंपनीची? दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्यानं माझ्याकडून इसार घेऊन दोन दिवस बघायला पाठवली होती. मानेच्या पाठीमागच्या पट्टीवर एल अक्षरानं सुरू होणारा नंबर होता. १९६२च्या अखेरीपासून १९६५पर्यंत असे नंबर येत होते, हे मी वाचलेलं. फेंडर कंपनी सीबीएस या बड्या अमेरिकन कंपनीनं १९६५ साली विकत घेतली आणि त्याआधीच्या गिटारींना संग्राहक जास्त मोल देतात, हेही पाठ होतं. मी हुरळून गेले होते. बाकीचे पैसे दुसऱ्या दिवशी भरायचे होते. तुम्ही दुसऱ्यांदा ‘थांब’ म्हणालात आणि स्क्रूड्रायव्हर मागितलात.

‘नंबराची पट्टी चार स्क्रूंवर असते. चार स्क्रू काढले की कुणाचीही पट्टी कुणालाही.’ मग तुम्ही वरची प्लेट उलटी केलीत. पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर ठसा होता, पण मळलेला. तुम्ही त्यावर हलक्या हातानं खडू घासलात, फुंकर मारलीत, भिंग लावलंत. १३७६६३३. असेच आकडे तुम्ही अमेरिकन रेडिओंमध्ये वर्षानुवर्षं पाहिले होते. १३७ म्हणजे बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे साल, ३३ म्हणजे आठवडा. ऑगस्ट १९६६. त्या साली बनलेला पॉट १९६३च्या गिटारीत कसा येईल? मी म्हणाले, कुणी नंतर पॉट बदलला असेल, बाकी गिटार खरी असेल. तुम्ही रागावला नाहीत. ‘असेल की. मग डाग बघ.’ सोल्डरिंगचा जुना डाग राखाडी, मळकट होतो. हे सगळे डाग चांदीसारखे चमकत होते, आणि पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या, वायरींनाही नवंच कोटिंग. शेवटी मान सुटी केली. जिथं तारखेचा शिक्का असायला हवा, तिथलं लाकूड पॉलिश पेपरनं घासून पांढरं केलेलं.

काकूंनी तेवढ्यात पोहे आणले. मला घास गिळवेना. इसार गेला, पण बाकीची दोन वर्षांची शिल्लक वाचली. तुम्ही मात्र घरी गेल्यावर वहीत लिहायला सांगितलंत: पॉटच्या आकड्यावरून गिटार त्याआधीची नाही एवढंच ठरतं, त्याच वर्षाची आहे असं नाही. खरंच आहे ते. १९६६चे पॉट फेंडरनं पुढं काही वर्षं वापरले. आमच्या त्या अ‍ॅम्पच्या स्पीकरवरही २२०६१४ असं लिहिलंय. २२० म्हणजे स्पीकर बनवणारी जेन्सन कंपनी, पण सालाचा आकडा एकच, ६. मग १९५६ की १९६६? अ‍ॅम्पच्या पॉटवर ६६ मिळाल्यावर मगच आपण साल लिहिलं. एका खुणेवर कधीच विसंबायचं नाही, ही सवय तुम्ही लावलीत.

जुन्या बाजारात एका रविवारी मिळालेल्या त्या जपानी गिटारीचं श्रेयही तुमचंच. नावाचा बिल्ला गळालेला, पांढऱ्या बटणांचे स्विच, पिकअपच्या झाकणाखाली सोनेरी पत्रा. टेस्को या जपानी कंपनीची असावी असं मला वाटत होतं, पण साठच्या दशकात जपानी कारखाने एकच गिटार अनेक नावांनी विकत, त्यामुळं खात्री देता येत नव्हती. मी तिला कर्वेनगरच्या सुताराकडं मेलॅमाइन पॉलिशला द्यायला निघाले होते. तुमचं तिसरं ‘थांब’ फोनवरच आलं. ‘केळकर संग्रहालयातल्या वाद्यांना कुणी नवा रंग मारून ठेवतं का गं?’ मी परत फिरले. आज तिच्या कडेला, जिथं आधीच्या मालकाचा हात घासून रंग उडालाय, तिथंच माझाही हात टेकतो. आत पिकअपच्या एका तारेला तुम्ही दिलेला डाग आहे. वहीत तोही नोंदवलाय, तुमच्या नावानं. ते नाव इथं लिहीत नाही.

पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेल ठेवते. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की मानेवरची लाकडी पट्टी आकसते आणि फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या रेघांची, टोकं बोटाला लागतात, तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणं लगेच कानस घेऊन बसत नाही, पाऊस येईपर्यंत वाट बघते.

तुम्ही आजवर माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. मी आणलेले पेढेसुद्धा निम्मे परत माझ्याच पिशवीत घातलेत. म्हणून हे पत्र. मनापासून आभार, काका. त्या संध्याकाळी तुम्ही रिक्षात बसला नसतात तर, याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

रविवारी दहाच्या सुमारास येते. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक व्हॉल्व्ह मिळालाय, खोकं अजून उघडलेलं नाही. ते तुमच्या टेबलावरच उघडायचं आहे. काकूंना म्हणावं, पोहे मी आणते.

तुमची,
कोथरूडची गिटारवाली