रविवारच्या संथ निसर्गफेरीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारची फेरी नेहमीच्या जागेवरून सकाळी साडेसहाला निघेल. कृपया वेळेवर या. एकदा मौन सुरू झालं की मागे राहिलेल्यांना हाका मारता येत नाहीत.

या वेळी चाल मुद्दाम संथ आहे. पावलं मोजणारी घड्याळं घरीच राहू द्या. (हो, काहींना हे जड जाईल, माहीत आहे!) जपानच्या वनखात्याने १९८२ साली वनस्नानाचा, म्हणजे जंगलात शांतपणे रमण्याचा, उपक्रम सुरू केला, त्यातही अंतर कापणं हा हेतू नव्हता.

सुरुवातीला लक्ष फक्त तळव्यांकडे ठेवा. टाच टेकते, भार पुढे सरकतो आणि शेवटी अंगठा जमिनीला मागे रेटतो. मग हळूहळू वर या. जबडा आवळलाय का, खांदे कानांकडे चढलेत का, नुसतं बघा. सुधारायची घाई नको. लक्ष गेलं की बरेचदा ते आपसूक सैल पडतात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ द्या.

मध्येच रडू आलं किंवा घाबरल्यासारखं झालं तर थांबा, डोळे उघडे ठेवा, झाडाच्या खोडावर तळहात टेकवा. हात वर केलात की एक जण सोबत थांबेल; काय झालं, हे कोणी विचारणार नाही. चालू असलेले उपचार मात्र या फेरीच्या भरवशावर बंद करू नका.

गुडघेदुखी, चक्कर किंवा दम्याचा त्रास असल्यास शनिवारपर्यंत गटप्रमुखांना कळवा. पंप आणि पाणी जवळ ठेवा. फोन बंद, फोटो नकोत.