तिरक्या ब्लॉक्सचा क्विल्ट टॉप आणि आमच्या काकू

काकू, फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाहीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल तुम्ही काय शिकवता ते.

क्विल्टचा टॉप, म्हणजे वरचा थर, जोडून झाला! बारा चांदण्यांचे ब्लॉक (तुकडे जोडून शिवलेले चौकोन), मध्ये सहा प्लेन, सगळे कोपऱ्यावर उभे केलेले. ब्लॉक शिवून बारा इंची, पण तिरका ठेवला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ १७ इंच जागा घेतो, त्यामुळे तेच बारा ब्लॉक सरळ लावले असते तर ३६ बाय ४८ झालं असतं, आता सहा प्लेन आणि कडेच्या रिकाम्या जागा भरणारे त्रिकोण धरून ५१ बाय ६८ झालंय. चांदण्या तेवढ्याच आणि पांघरूण एवढं मोठं, मला अजूनही याचं फार भारी वाटतं.

पण खरे आभार त्या त्रिकोणांसाठी. आकडे कुठेही मिळतात हो, कडेच्या त्रिकोणांसाठी सव्वाअठरा इंचाचा चौकोन घेऊन दोनदा तिरका कापा म्हणजे चार त्रिकोण, आणि कोपऱ्यांसाठी ९ ३/८ इंचाचा चौकोन एकदाच कापा. पण एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाच का, हे मला तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही कापडाचा तुकडा हातात दिलात, उभ्या धाग्यावर ओढ म्हणालात, मग आडव्या, मग उरेब, म्हणजे तिरकं. उरेब ओढल्यावर तो लगेच लांबला आणि तिथेच सगळं समजलं. टॉपच्या बाहेरच्या कडेला उरेब आला तर ती कड लाटेसारखी होणार, म्हणून तिथे सरळ धागाच यायला हवा, आणि कुठला चौकोन कितीदा कापायचा ते त्यावरून ठरतं. आता ब्लॉक कुठल्याही मापाचा असू दे, मी स्वतः मांडू शकते (कडेच्या त्रिकोणांचा चौकोन म्हणजे ब्लॉक गुणिले १.४१४ अधिक सव्वा इंच, पाठ झालंय).

आणि तुमचं "मोठं काप, छाटता येतं, वाढवता येत नाही" हे तर मी मैत्रिणींनाही सांगत सुटलेय. त्रिकोण साडेअठराच्या चौकोनातून कापले, आणि शेवटी ब्लॉकच्या टोकापासून पाव इंच सोडून कडा सरळ केल्या, एकही टोक शिवणीत गेलं नाही.

मांडणीचंही तसंच. आधी सगळं जमिनीवर पसरायचं, प्रत्येक तिरक्या ओळीला नंबराची चिठ्ठी, एक-तीन-पाच-पाच-तीन-एक अशा सहा ओळी, आणि अर्धा-अर्धा टॉप जोडून मधली लांब शिवण सगळ्यात शेवटी, म्हणजे मशीनवर कापडाचा ढीग ओढत बसावं लागत नाही. चांदणीच्या ब्लॉकला आधीच शिवणी जाड, म्हणून इस्त्री करताना शिवण प्लेनकडे आणि त्रिकोणांकडे वळवायची, की शेजारच्या ओळीची शिवण आपोआप उलट्या बाजूला येते आणि दोन्ही एकमेकींत घट्ट बसतात, टाचणी लावायच्या आधीच बोटांना कळतं. त्रिकोण शिवताना उरेबाची बाजू खाली, मशीनच्या दातांकडे ठेवायची हेही तुमचंच, आणि इस्त्री घासायची नाही, फक्त उचलून ठेवायची.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही एकदाही माझ्या हातातून काम काढून घेतलं नाहीत. तुम्हाला ते पटकन करून देता आलं असतं. त्याऐवजी शेजारी बसून राहिलात आणि मी विचारेपर्यंत गप्प राहिलात, आणि विचारलं की कारणासकट सांगितलंत. शिकवणारं माणूस असं असावं असं मला मनापासून वाटतं.

येत्या रविवारी टॉप घेऊन येतेय. प्लेन ब्लॉकमध्ये धावदोऱ्याने गोधडीसारख्या चौकटी घालायचा विचार आहे, पण दोऱ्याचा रंग तुम्ही बघितल्याशिवाय ठरवणार नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची विद्यार्थिनी