शुगर लो झाल्याची खूण परत मिळते, हे सांगणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

स. न. वि. वि.

शुगर ५० पर्यंत उतरूनही घाम नाही, थरथर नाही, छातीत धडधड नाही, म्हणजे लो झाल्याची खूणच नाही. वर सगळीकडून एकच बोल, ‘लक्ष देत नाही.’ तो आरोप तुम्ही आधी खोडलात. शुगर वारंवार लो झाली की मेंदू त्याला सरावतो, ही लक्षणं आणणारं अ‍ॅड्रेनलिन उशिरा सुटतं आणि थोडंच सुटतं. काल झालेली एक लोसुद्धा आजची लक्षणं दाबते. ‘लो होताना कळतं का?’ याला १ (नेहमी) ते ७ (कधीच नाही) असा आकडा द्यायला लावलात, आणि ४ पासून पुढच्यांना सावध केलंत.

सगळ्यात मोलाचं हे, की गेलेली खूण बऱ्याच जणांना परत मिळते. डॉक्टरांकडून डोस आणि टार्गेट बदलून घ्यायचं आणि दोन-तीन आठवडे शुगर ७० खाली जाऊच द्यायची नाही. अंगावर लावायच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म ८० वर. सेन्सर नसेल तर जेवणाआधी, झोपताना आणि अधूनमधून पहाटे ३ वाजता बोट टोचायचं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, थोडं वाढलं तर वाढू दे, असं तुमच्याशिवाय कुणी म्हणतं का हो!

शुगर लो झाल्यावर पेढा खाण्यावर तुमचा राग का, तेही कळलं. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. त्यापेक्षा १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे पावडर, पाण्यात. १५ मिनिटांनी तपासणी बोटावरच, कारण सेन्सर मागे रेंगाळतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज (साखरेचं पचन लांबवणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. आणि आंबा खाऊन न धुतलेल्या बोटाचं रीडिंग खोटं!

घरच्यांना मुद्दाम बोलावलंत, कारण पेशंट अशा वेळी चिडतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. वाद न घालता पेला हातात द्यायचा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं औषध) असेल तर मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम, आणि १०८ ला फोन. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेणारा शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच. त्याची शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

गाडीची किल्ली ग्लुकोमीटरच्या पाऊचमध्ये ठेवायची तुमची युक्ती आम्ही उचलली. ९० च्या खाली रीडिंग असेल तर किल्ली पाऊचमध्येच राहते.

आपले,
इन्सुलिन घेणारे आणि त्यांच्या घरची माणसं