कात्री लावलेला माउथगार्ड

चि. रोहित यास,
अनेक आशीर्वाद.

बॉक्सिंगला दातांवर बसवायचा माउथगार्ड घातला की मळमळतं म्हणून त्याचा मागचा भाग कात्रीने कापून टाकला, असं तू आईला सांगितलंस. फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहितोय.

समोरचे दात झाकले की झालं, हे तुझं म्हणणं सरळ नाकावर-ओठांवर येणाऱ्या ठोशापुरतं ठीक. हनुवटीला खालून अपरकट बसतो तेव्हा खालचा जबडा वर आपटतो. दाढेवर दाढ आदळून टवके उडतात, जीभ मध्ये सापडली तर फाटते. तोच दणका हाडातून कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. तिथे हाडाची मान बारीक असते, तीच मोडते. दाढांमध्ये मऊ थर असला तर दणका थोडा मुरतो आणि उरलेला सगळ्या दातांवर वाटला जातो. तू कापलास तो नेमका हाच थर. शिवाय आखूड झालेला गार्ड निसटून घशात जाण्याची भीती वेगळीच.

मळमळ बहुधा ढिलेपणाची असते. दुकानातला गार्ड गरम पाण्यात मऊ करून चावायचा असतो आणि सगळी पोरं तो करकचून चावतात, मग दाढांखाली काही उरतच नाही. आमच्या दातांच्या लॅबमध्ये डॉक्टरांनी घेतलेल्या मापावरून मी प्लास्टरचा साचा ओततो आणि ईव्हीए या मऊ प्लास्टिकची शीट तापवून त्यावर व्हॅक्यूमने बसवतो. 4 मिलिमीटरची शीटसुद्धा ताणली की दातांवर बरीच पातळ होते, म्हणून खेळाडूंसाठी दोन थर चढवतो. मागून किती कमी करायचं, ते साच्यावर बघून ठरतं. दात न आवळता तोंड उघडलंस तरी वरच्या दातांना धरून राहतो, तो खरा गार्ड.

बॉक्सरांना पहिले गार्ड करून दिले ते लंडनच्या वुल्फ क्राउझ या दंतवैद्याने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्यांचे. रूट कॅनाल भरतात तोच गटापर्चा. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवलं नाही!

गार्ड असला की डोक्याला काही होत नाही, असं तुमच्यात कुणी म्हणत असेल तर ऐकू नकोस. मेंदूला बसणारा हादरा त्याने टळतो असं सिद्ध झालेलं नाही. डोकं गरगरलं तर रिंगमधून बाहेर यायचं आणि सरांना सांगायचं.

आणि कुणाचा पक्का दात मुळासकट पडलाच, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मूळ घासू नका. जमलं तर लगेच खाचेत बसवा, नाहीतर दुधात टाकून अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरांकडे पोचा.

शनिवारी घरी ये, मापाची वेळ घेऊन ठेवतो. तोवर स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी ठोशांचा सराव, बंद. बॅग मार, दोरीवरच्या उड्या मार. कापलेला गार्ड फेकू नकोस, सोबत आण. कुठे किती चावलायस ते मला बघायचंय.

तुझे,
बाबा