टाचेवरचा काळा डाग

संपादक साहेब,

त्वचेच्या कॅन्सरबद्दल पुरवणीत काही आलं की सगळं ऊन आणि सनस्क्रीनबद्दलच असतं, पण आपल्याकडे मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) बऱ्याचदा तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, तिथे ऊन कुठलं पोचतंय. माझ्या मावशीच्या टाचेवरचा काळा डाग आम्ही काटा रुतला असेल म्हणून सुईने कोरत बसलो, डॉक्टरांनीही कुरूप समजून पट्टी दिली, त्यात वर्ष गेलं.

मग बायोप्सीत मेलानोमाच निघाला आणि कळलं की हा आजार पुढे जांघेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका गाठींमध्ये, येईल का याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. डाग किती मिलिमीटर खोल गेलाय (हे माप १९७० ला ब्रेस्लो यांनी दिलं), वर जखम झालीय का, आणि मुख्य म्हणजे सेंटिनल नोड, म्हणजे त्या जागेतल्या लसिका द्रवाचा निचरा सगळ्यात आधी जिथे जातो ती गाठ. निळा रंग टोचून ती शोधायची पद्धत डॉ. मॉर्टन यांनी १९९२ ला मांडली. पूर्वी तिच्यात कॅन्सर दिसला की सगळ्याच गाठी काढायचे, पण २०१७ च्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं की त्याने आयुष्य काही वाढत नाही, उलट हातापायाची सूज २४ टक्के लोकांना, आणि नुसतं सोनोग्राफीने लक्ष ठेवलेल्यांत ६ टक्के.

मावशीची सोनोग्राफी दर चार महिन्यांनी असते, आदल्या रात्री ती जांघ चाचपत जागीच. पुढच्या वेळी सनस्क्रीनच्या बाटलीऐवजी एक तळपायाचा फोटो छापा की.

एक वाचक, ठाणे