चंद्रावरच्या मोहिमा का थांबल्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारले होते की, १९६९ साली माणूस खरोखरच चंद्रावर उतरला असेल, तर त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे तेथे पुन्हा कोणी का गेले नाही? चांद्रयान-३ उतरल्यापासून हा प्रश्न आमच्या खानदेशात पारावर आणि एसटीतही ऐकू येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि विचारणाऱ्याला अडाणी ठरवून तर मुळीच सुटणारा नाही. मात्र त्यातले एक गृहीत आधी दुरुस्त केले पाहिजे. माणूस एकदाच जाऊन आला, असे झालेले नाही. जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या साडेतीन वर्षांत सहा मोहिमा चंद्रावर उतरल्या, बारा जण तेथे चालले आणि अमेरिकेच्या अपोलो या चांद्रमोहिमांतून एकूण चोवीस जण चंद्रापर्यंत जाऊन सुखरूप परतले.

या मोहिमांची सुरुवात मृत्यूने झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच चाललेल्या चाचणीत अपोलो-१ च्या कुपीला, म्हणजे अंतराळवीर बसतात त्या कक्षाला, आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिन्ही अंतराळवीर आतच मरण पावले. कुपीत निव्वळ ऑक्सिजन भरलेला होता, आणि तिचे दार आतल्या बाजूला उघडणारे असल्यामुळे आतला दाब वाढताच ते उघडणे अशक्य झाले. यानाची पुष्कळशी रचना नव्याने करावी लागली व पुढचे वीस महिने त्यातून कोणालाही पाठवले गेले नाही. असे असूनही डिसेंबर १९६८ मध्ये बोरमन, लव्हेल आणि अँडर्स हे अपोलो-८ मधून चंद्राभोवती दहा प्रदक्षिणा घालून आले. त्यांना नेणारा सॅटर्न-५ हा ११० मीटर उंचीचा अग्निबाण त्याआधी फक्त दोनदा, तेही माणसांविना, उडाला होता आणि दुसऱ्या खेपेला त्याची दोन इंजिने मध्येच बंद पडली होती. उतरण्याचा मान अपोलो-११ ला मिळाला हे खरे, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे धाडस अपोलो-८ चेच होते. त्यानंतर मे १९६९ मध्ये अपोलो-१० चे यान चंद्राच्या पृष्ठभागापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर जाऊन, न उतरता, परत आले. म्हणजे २० जुलैचे ते पाऊल एकाएकी पडलेले नव्हते.

आता थांबण्याविषयी. अध्यक्ष केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकेच्या संसदेपुढे जे उद्दिष्ट ठेवले, ते दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचे होते. तेथे वारंवार जाण्याचे किंवा वस्ती करण्याचे नव्हते. त्यामागची खरी प्रेरणा सोव्हिएत संघाशी असलेली स्पर्धा होती. ती स्पर्धाही लवकरच एकतर्फी झाली, कारण सोव्हिएतांचा एन-१ हा प्रचंड अग्निबाण चारही चाचण्यांत अपयशी ठरला. त्यातली दुसरी चाचणी तर आर्मस्ट्राँग उतरण्याच्या अवघे सतरा दिवस आधी प्रक्षेपण तळावरच्या स्फोटाने संपली. पैशाचे गणित त्याआधीच बदलले होते. १९६६ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या एकूण खर्चातला चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाकडे जात होता, पण व्हिएतनाम युद्धाचा बोजा वाढत गेला तसा तो झपाट्याने उतरला. सॅटर्न-५ ची पुढची बांधणी थांबवण्याचा निर्णय १९६८ मध्ये, म्हणजे चंद्रावर पहिले पाऊल पडण्याच्याही आधी झाला. जानेवारी १९७० मध्ये अपोलो-२० रद्द झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी दोन मोहिमांवर काट मारली गेली. दरम्यान एप्रिलमध्ये अपोलो-१३ ची ऑक्सिजनची टाकी वाटेत फुटून तिघे जेमतेम वाचले होते, त्यामुळे मोहिमा थांबवा म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कारण आले. तयार असलेल्या अग्निबाणांपैकी एक १९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकासाठी वापरला गेला. उरलेले दोन कधी उडालेच नाहीत आणि त्यांचे भाग आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आडवे ठेवलेले आहेत. ऐन भरात सुमारे चार लाख माणसे या कामावर होती. ती पांगली, कारखान्यांतले साचे मोडीत निघाले, आणि ते पुन्हा उभे करायचे म्हणजे जवळजवळ नव्याने सुरुवात करणे आले. तेव्हा पुन्हा का गेले नाहीत, याचे सरळ उत्तर जायचे बंद करण्याचा निर्णय झाला, असेच आहे.

मला खेद वाटतो तो थांबण्यापेक्षा थांबण्याच्या वेळेचा. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यानाबाहेर जेमतेम अडीच तास होते, आणि यानापासून साठ-पासष्ट मीटरपलीकडे त्यांच्यापैकी कोणी गेले नाही. खरे काम शेवटच्या तीन मोहिमांत, चांद्रगाडी सोबत आल्यावर सुरू झाले. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे सर्नन आणि श्मिट यांनी तीन फेऱ्यांत मिळून सुमारे बावीस तास बाहेर काढले व गाडीने जवळजवळ पस्तीस किलोमीटर अंतर कापले; साधारण धुळ्याहून अमळनेरला जावे तेवढे. गाडीच्या चाकावरचे मडगार्ड तुटल्यावर त्यांनी नकाशाचे कागद चिकटपट्टीने एकमेकांना जोडून, चिमट्यांनी अडकवून नवे मडगार्ड बनवले, कारण त्याविना उडणारी धूळ पोशाखांवर आणि उपकरणांवर बसत होती. बारा जणांत भूशास्त्रज्ञ एकच, तो म्हणजे श्मिट, आणि त्यालाही अगदी शेवटच्या मोहिमेवर पाठवले गेले. त्याला शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली. ती प्राचीन ज्वालामुखीतून उडालेल्या काचेच्या सूक्ष्म मण्यांची निघाली, आणि अशाच मण्यांत २००८ साली पाण्याचा अत्यल्प अंश सापडला. चंद्र आतून पूर्ण कोरडा आहे, ही समजूत त्यामुळे बदलावी लागली.

खानदेशच्या वाचकाला यातला एक धागा अगदी जवळचा वाटावा. चंद्रावर जे काळसर डाग आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतात, ती बेसाल्टची मैदाने आहेत, आणि आपल्या पायाखालचा काळा पाषाणही बेसाल्टच आहे. जुलै-ऑगस्ट १९७१ मधल्या अपोलो-१५ मोहिमेत वेळ संपत आल्याने नियंत्रण कक्ष परत फिरण्याची घाई करत होता. डेव्हिड स्कॉटला वाटेत एक छिद्राछिद्रांचा दगड दिसला, तेव्हा त्याने सीटबेल्ट नीट करायचा आहे अशी सबब सांगून गाडी थांबवली, आणि त्याचा साथीदार अर्विन आजूबाजूच्या विवरांचे वर्णन करत राहिला तोवर तो दगड उचलून आणला. सुमारे एक किलोचा हा दगड आज सीटबेल्ट बेसाल्ट म्हणून ओळखला जातो. त्यातली छिद्रे रिकामी आहेत. याउलट आमच्या सावदा परिसरातल्या दगडखाणीतला असाच छिद्रांचा बेसाल्ट हातात घेतला, तर त्या पोकळ्यांत जिओलाइट या खनिजाचे पांढरे, गुलाबी स्फटिक भरलेले दिसतात, कारण लाव्हा थिजल्यानंतर त्यातून खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले. आपला खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तर तो दगड तीनशे कोटी वर्षांहून जुना. मी वर्गात आपला दगड मुलांच्या हाती आणि चंद्रावरच्या दगडाचे छायाचित्र फळ्यावर असे ठेवून शिकवत असे, तेव्हा पाणी असणे आणि नसणे यातला फरक मुले माझ्याआधी सांगत.

पुराव्यांविषयी थोडक्यात. एकूण ३८२ किलो दगडमाती आली आणि तिचे नमुने जगभर तपासले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटानेही अपोलोच्या नमुन्यांतल्या वैश्विक किरणांच्या खुणा अभ्यासल्या. अपोलो-११, १४ आणि १५ यांनी चंद्रावर ठेवलेल्या, आरशासारख्या परावर्तकांवरून पृथ्वीवरून सोडलेले लेसर किरण आजही परत येतात. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो-११ उतरल्याची जागा टिपली आहे. चूक काढण्यासाठी टपून बसलेल्या सोव्हिएत संघाने या मोहिमांना कधी खोटे ठरवले नाही, हे मला या सगळ्यांपेक्षा वजनदार वाटते.

जाता जाता आपल्या दैनिकालाही एक दुरुस्ती सुचवतो. बालपुरवणीत अंतराळवीराच्या ज्या छायाचित्राखाली नील आर्मस्ट्राँग असे नाव छापले आहे, त्यात उभा असलेला अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन आहे. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडेच असल्यामुळे चंद्रावरची त्याची स्वतःची छायाचित्रे फारच थोडी आहेत. या चित्रात तो ऑल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या काचेत लहानसा दिसतो. पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
यावल, जि. जळगाव