सुध्याला, बावनीबद्दल

प्रिय सुध्या,

आठ महिने झाले, पत्र नाही, फोन नाही. तुझ्या पोरीच्या लग्नालाही आलो नाही. तू काय काय शिव्या घातल्या असशील त्या मी इथे बसून तोंडपाठ म्हणून दाखवतो, म्हणून तो भाग आपण सोडून देऊ. बीपीची गोळी सुरू, गुडघा आहे तसाच. माय ठणठणीत. कपाशीचा दुसरा वेचा चालू आहे, वेचायला बाया मिळत नाहीत, भावाचं विचारू नको.

लिहायचं कारण वेगळंच आहे. घरात कुत्री आणली.

घे हसून. आपल्या दारात आता कुत्रं नाही म्हणजे नाही, असं मीच म्हणत आलो. का म्हणायचो ते तुला एकट्याला ठाऊक. बायकोला इतकी वर्षं 'मायला केसांनी दमा होतो' असं सांगितलं. मायला दमा कधीच नव्हता.

झालं असं की तुरीत डुकरं आणि रोही शिरायला लागले, आणि जागलीला मी एकटा. पोरगी नागपुरातून म्हणाली, बाबा, कुत्रं ठेवा, मी बघून देते. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मला त्रिमूर्तीनगरात एका मॅडमकडे घेऊन गेली. या बाई बँकेतून रिटायर झालेल्या. रस्त्यावरची जखमी कुत्री घरी ठेवून बरी करतात, आणि कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळतात. त्याला फॉस्टर म्हणतात म्हणे. तीन पिल्लं माझ्या चपलेला झोंबत होती, आणि ही कोपऱ्यातून नुसती बघत होती. भुरकी, मागचा डावा पाय ओढणारी. कोणीतरी गाडीनं उडवलेली. डॉक्टरनं दातांवरून ५ वर्षांची सांगितली. मी जमिनीवर बसलो तशी उठून आली, आणि माझ्या नेमक्या दुखऱ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. डुकरं राहिली बाजूला.

मॅडमनी फॉर्म पुढे केला. साखळीला बांधून ठेवणार नाही, दरवर्षी रेबीजची सुई देईन, जमलं नाही तर परत इथेच आणून देईन. मी वाचत गेलो. पुढची ओळ होती, 'कुत्र्याला कुठेही नेऊन सोडणार नाही.' तिथे पेन थांबला, सुध्या. पोरगी म्हणाली, बाबा, चष्मा देऊ का? मी म्हटलं, दे. चष्मा डोळ्यांवरच होता.

मॅडमनी तिचं नाव ब्राउनी ठेवलेलं. मायच्या तोंडात ते बसेना, म्हणून आता ती बावनी. पहिल्याच दिवशी मायनं विचारलं, "काहून रे, हिचा कान कोणं कातरला?" नसबंदी झाली की कानाला खाच मारतात, हे मायला समजावताना माझी अर्धी संध्याकाळ गेली. मायचा प्रश्न एवढाच, की बाईच्या जातीचा कानच काहून? कुत्र्यांना कांदा-लसूण बाधतो, रक्तच कमी होतं, म्हणून तिचा भात वेगळा शिजतो. बायको म्हणते, घरात माळकरी आला. तोंडानं कुरकुर करते, पण भातात अंडं कोण फोडतं ते मी बघितलंय.

भुंकत मात्र नाही. परवा वानरानं ओट्यावरची भाकर उचलली, तर हिनं सरकून त्याला वाट दिली. जागलीला नेलं, तर डुकरांचा आवाज आला तशी माझ्या घोंगड्यात शिरली. बिस्कीट दिलं तर दात लागू न देता नुसत्या ओठांनी घेते. आणि गड्या, कोंबडी. आपली तुरेवाली पिल्लं घेऊन थेट तिच्या ताटलीत चोच मारते, आणि ही दोन पावलं मागे होऊन कोंबडीचं होईपर्यंत बसून राहते.

ते बघून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

राजाही कोंबड्यांना हात लावत नव्हता, आपल्याला माहीत होतं. आबांपुढे आपण दोघंही बोललो नाही. पाटलांच्या खुराड्यात मुंगूस सापडलं ते नंतर. तोवर कौंडण्यपूरचा डोंगा होऊन गेला होता. तू अजून म्हणतोस, दोरीची गाठ मी सोडली. मी म्हणतो, तू. मी वल्हं धरून होतो, मग गाठ कशी सोडणार? पण ते राहू दे. रुक्मिणीच्या माहेरी सोडलं, तिथे कोणी उपाशी राहत नाही, हे वाक्य तुझंच होतं एवढं तरी कबूल कर. तो पाण्यात उतरला नाही. काठावर बसून राहिला, आपण दिसेनासे होईपर्यंत. तू मागे बघितलं नाहीस, मी बघितलं.

बावनी तशीच बसते.

रोज सांजेला, फाटकाच्या आत, तोंड आर्वीच्या रस्त्याकडे. मॅडमची गाडी पांढरी. पांढरी गाडी आली की कान उभे, मोडका पाय विसरून चार पावलं धावते. गाडी निघून जाते. मग परत येऊन त्याच खड्ड्यात बसते. तिथली माती आता गुळगुळीत झाली आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, ३ दिवस घाबरेल, ३ आठवड्यांत घर ओळखेल, ३ महिन्यांत तुमची होईल. दोन महिने झाले. रात्री माझ्या खाटेखाली झोपते, मी खोकललो तर उठून बघते. पण सांजेला ती माझी नसते.

एकदा मॅडमनी व्हिडिओ कॉल केला. आवाज ऐकून ही शेपटी हलवत फोनच्या मागे गेली, खाटेखाली बघितलं, खोलीत जाऊन आली. त्या रात्री ताटलीला तोंड लावलं नाही. तेव्हापासून मी मॅडमचा फोन उचलत नाही. नेटवर्क नव्हतं म्हणतो. आता त्यांचा मेसेज आला आहे, येत्या रविवारी भेटायला येते. पोरगी म्हणते, येऊ द्या, तिला बरं वाटेल. बायको म्हणते, येऊन परत जातील तेव्हा काय? मला वाटतं, त्यांनी यावं आणि तिला घेऊनच जावं, आणि हेच वाटतं की त्यांनी येऊच नये. हे मी कोणाला सांगू? पोरीला सांगितलं तर कौंडण्यपूर सांगावं लागेल.

तुझ्या ऑपरेशनचं कळलं, टाके निघाले का? जावई काय करतो, वहिनीला नमस्कार. पुण्यातलं घर विकतोयस हे खरं की बाप्याच्या गप्पा?

पत्र मिळालं की लगेच फोन कर, रविवारच्या आत. माझा लागला नाही तर बायकोच्या नंबरवर कर. माझं नेटवर्क कसं आहे ते आता तुला कळलंच.

तुझा,
पंढरी